हाताला पेलणारा कॅमेरा

निवृत्तीच्या सुमारास हौसेने घेतलेला डीएसएलआर कॅमेरा अनेक घरांत आज कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असतो. तो बिघडलेला नसतो आणि त्याचा मालकही छंदाला कंटाळलेला नसतो. सकाळी टेकडीवर जाताना तो गळ्यात अडकवला की तासाभराने मान भरून येते, संध्याकाळी अंगठ्याचे मूळ ठणकते, एवढेच खरे कारण असते. पण ते बोलून दाखवले जात नाही. ‘आता पूर्वीसारखा उत्साह राहिला नाही,’ असे म्हणून विषय मिटवला जातो. मग वाढदिवस जवळ आला की मुले सुचवतात, ‘बाबा, हल्ली मिररलेस कॅमेरे आलेत. अगदी हलके असतात. तोच घेऊ या तुम्हाला.’

सूचना प्रेमाची असते, पण ती दर वेळी योग्य ठरतेच असे नाही. नवा कॅमेरा कधी जुन्याइतकाच जड निघतो, कधी इतका चिमुकला निघतो की सांधेदुखीच्या बोटांना तो धरवत नाही. कॅमेऱ्याची निवड एरवी चित्राच्या दर्जावरून होते. साठीनंतर मात्र ती मनगट, मान, डोळे आणि बोटे यांना विचारून करावी लागते. या लेखात आपण डीएसएलआर आणि मिररलेस या दोन प्रकारांकडे त्याच दृष्टीने पाहू.

हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला एक आधार आहे. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींनी ३ महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, एखादे नवे कौशल्य शिकण्यात घालवले. काहींनी डिजिटल छायाचित्रण, काहींनी कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवण्याची कला, तर काहींनी दोन्ही. केवळ गप्पागोष्टी आणि सहलींत रमलेल्या किंवा घरी बसून सोपी कामे करणाऱ्या गटांशी तुलना करता, शिकणाऱ्यांची घडलेल्या गोष्टी आठवण्याची क्षमता अधिक सुधारलेली आढळली; आणि छायाचित्रण शिकणाऱ्यांत ती विशेष दिसली. यावरून छायाचित्रणामुळे स्मृतिभ्रंश टळतो असा निष्कर्ष काढू नये. परंतु डोक्याला थोडा ताण देणारे, रोज काही नवे शिकवणारे काम उतारवयात मोलाचे असते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. असा छंद केवळ वजनामुळे सुटत असेल, तर तो वाचवण्याजोगा आहे.

दोन कॅमेऱ्यांची रचना

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो. तेथून तो वर जाऊन, बहुधा पेंटाप्रिझम या काचेच्या लोलकातून वळून, आपल्या डोळ्याशी येतो. आपण बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. कानाला ओळखीचा असलेला तो ‘खटॅक’ आवाज मुख्यतः या आरशाचा आणि शटरचा असतो. फिल्मच्या काळात ज्यांनी पेंटॅक्स के १००० किंवा निकॉन एफएम २ वापरला असेल, त्यांना ही रचना घरच्यासारखी वाटते.

मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा आणि लोलक दोन्ही नसतात. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरने पाहिलेले दृश्य एका छोट्या पडद्यावर दाखवले जाते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आपण तोच पडदा पाहतो. लेन्स बदलता येणारा या प्रकारचा पहिला कॅमेरा, पॅनासोनिकचा लुमिक्स जी १, २००८ मध्ये आला. पूर्ण आकाराच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरसाठी कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये मिररलेस मालिका सुरू केल्या. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचा भर तिकडेच वळला. डीएसएलआर आज पेंटॅक्ससारख्या एखाद्या कंपनीचा अपवाद वगळता नव्याने फारसे निघत नाहीत. पण याचा अर्थ घरातला डीएसएलआर निरुपयोगी झाला असा नव्हे. तो काल जसे चित्र काढत होता तसेच आजही काढतो.

वजन कॅमेऱ्याचे नव्हे, संचाचे

मिररलेस हलका असतो, हे विधान अर्धेच खरे आहे. आरसा गेल्याने कॅमेऱ्याचे अंग लहान होते. पण हातात केवळ अंग नसते, पुढे लेन्सही असते. पुढील चार संच पाहा. कॅमेऱ्यांची वजने बॅटरी आणि कार्डासह आहेत.

कॅनन ५डी मार्क ४ हा डीएसएलआर ८९० ग्रॅमचा. त्यावर कॅननचीच १००-४०० मिलिमीटरची दुसऱ्या आवृत्तीची लेन्स १,५७० ग्रॅमची. एकूण सुमारे २,४६० ग्रॅम. सोनी ए७ मार्क ४ हा मिररलेस ६५८ ग्रॅमचा. पण त्यावर पक्षी टिपण्यासाठी २००-६०० मिलिमीटरची लेन्स लावली की तिचे २,११५ ग्रॅम मिळून बेरीज २,७७० च्या पुढे जाते. म्हणजे आरसा गेला तरी भार वाढलाच.

आता लहान संच. कॅनन २००डी च्या दुसऱ्या आवृत्तीचा डीएसएलआर ४४९ ग्रॅमचा आणि ५५-२५० मिलिमीटरची लेन्स ३७५ ग्रॅमची. एकूण ८२४ ग्रॅम. कॅनन आर ५० हा मिररलेस ३७५ ग्रॅमचा आणि ५५-२१० मिलिमीटरची लेन्स २७० ग्रॅमची. एकूण ६४५ ग्रॅम. लहान डीएसएलआर आणि लहान मिररलेस यांतला फरक पावशेरापेक्षाही कमी भरतो. मोठ्या आणि लहान संचांतला फरक मात्र दीड किलोहून अधिक आहे. तेव्हा पहिला प्रश्न ‘आरसा की बिनआरशाचा’ हा नसून ‘मोठी लेन्स हवी की लहान भागेल’ हा आहे.

मोठी लेन्स उगाच मोठी नसते. तिच्यातून जास्त प्रकाश येतो, त्यामुळे पहाटे किंवा दाट झाडीत ती कामाला येते. आर ५० वर कॅननचीच ६३५ ग्रॅमची १००-४०० मिलिमीटरची हलकी लेन्स लावली तर पक्ष्यांसाठीचा अख्खा संच साधारण १ किलोत बसतो. भिगवणला उजनीच्या पाणथळीत उन्हात उभे असलेले रोहित पक्षी तिच्यातून उत्तम टिपता येतात. कर्नाळ्याच्या सावलीत मात्र तीच लेन्स कमी पडेल आणि चित्रात दाणे दिसतील. ही तडजोड समजून पत्करावी. दीड किलोचा भार उतरवल्यामुळे माणूस महिन्यातून एकदाऐवजी आठवड्यातून तीनदा बाहेर पडणार असेल, तर ती तडजोड फायद्याचीच आहे.

खरेदीआधी घरी एक सोपी चाचणी करून पाहावी. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली साधारण अर्ध्या किलोची आणि एक लिटरची साधारण एका किलोची असते. आधी लहान बाटली दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर, कॅमेऱ्यासारखी, अर्धा मिनिट धरावी. मग हात खाली घेऊन विसावा घ्यावा. असे १० वेळा करावे. दुसऱ्या दिवशी मोठी बाटली घेऊन तेच करावे. तिसऱ्या दिवशी सकाळी मनगट, अंगठा आणि खांदा काय सांगतात ते ऐकावे. ज्या बाटलीने दुखणे उरले, त्या वजनाचा संच घेऊ नये. चाचणी चालू असताना दुखू लागले तर लगेच थांबावे. हृदयाची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया अलीकडे झालेल्यांनी ही चाचणी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

लहान म्हणजे सोयीचा नव्हे

वजनाइतकीच महत्त्वाची आहे ती पकड. उतारवयात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज फार आढळते. या सांध्याला चिमटीचा ताण सहन होत नाही. मूठ वळून धरलेली वस्तू त्यामानाने सुसह्य होते. फार चपट्या, गुळगुळीत कॅमेऱ्याला मूठ वळायला जागाच नसते. तो अंगठा आणि बोटांच्या टोकांनी चिमटीत धरावा लागतो, आणि मग ४०० ग्रॅमही जड वाटतात. याउलट पुढे खोल मूठ असलेला थोडा मोठा कॅमेरा तळहातात बसतो आणि ७०० ग्रॅमचा असूनही कमी थकवतो. काही मिररलेस कॅमेऱ्यांना खाली जोडायची वाढीव मूठ मिळते. करंगळीला आधार देण्यापुरती ती जरूर घ्यावी.

मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना टाचणीच्या डोक्याएवढी बटणे जाणवत नाहीत. त्यांनी ठळक, खाचा असलेल्या चकत्यांचा कॅमेरा निवडावा. दुकानात गेल्यावर डोळे मिटून कॅमेरा सुरू करणे, चकती फिरवणे, कार्डाचे झाकण उघडणे आणि लेन्स काढून पुन्हा बसवणे, ही चार कामे करून पाहावीत. झाकण नखाने उघडावे लागत असेल तर घरी ते रोज लागणार आहे, हे लक्षात ठेवावे.

कॅमेरा धरण्याची रीतही महत्त्वाची. डावा तळहात लेन्सच्या खाली, कोपरे बरगड्यांना टेकलेली आणि व्ह्यूफाइंडर भुवईला लागलेला असावा. अशा वेळी भार बोटांऐवजी तळहातावर आणि धडावर येतो. हात लांब करून मागच्या पडद्यात पाहत राहिले, तर तेच वजन खांद्याला कितीतरी अधिक जाणवते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री किंवा पहाटे मुंग्या येत असतील, तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी मनगटातील नस दबली आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

डोळा आणि चष्मा

‘मोबाईल असताना कॅमेरा कशाला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. त्याचे एक उत्तर चष्म्यात आहे. मोबाईलचा किंवा कॅमेऱ्याचा मागचा पडदा पाहायला चाळिशीचा चष्मा लागतो. समोरचे दृश्य पाहायला तो काढावा लागतो. उन्हात तर पडदा दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरची गोष्ट वेगळी आहे. त्यातील भिंगांमुळे चित्र साधारण एक मीटर अंतरावर असल्यासारखे भासते, त्यामुळे जवळचा चष्मा न लावताही ते बहुतेकांना स्पष्ट दिसते.

त्याच्या कडेला डायॉप्टरची एक बारीक चकती असते. ती फिरवून चित्र आपल्या नजरेला जुळवता येते. जुळवताना समोरच्या झाडाकडे न पाहता व्ह्यूफाइंडरमधील आकडे ठळक दिसेपर्यंत चकती फिरवावी. ही चकती पिशवीत घासून सहज सरकते. मग सारे धूसर दिसू लागते आणि कॅमेरा बिघडला किंवा मोतिबिंदू वाढला अशी शंका येते. आधी चकती पाहावी. ती जुळवूनही धूसरच दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. ज्यांना तिरपा नंबर आहे त्यांचे काम चकतीने भागत नाही. त्यांनी चष्मा लावूनच पाहावे. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर काचेच्या वरच्या भागातून पाहावे. चष्म्यासह पूर्ण चौकट कडांपर्यंत दिसते का, हे दुकानातच तपासावे, कारण प्रत्येक कॅमेऱ्यात ते सारखे नसते.

या बाबतीत मिररलेसचे पारडे जड आहे. त्याचा व्ह्यूफाइंडर हा पडदाच असल्यामुळे काढलेले चित्र, सेटिंग्ज आणि मेन्यू हे सारे डोळा न हलवता त्यातच पाहता येते. चष्मा पुनःपुन्हा चढवावा-उतरवावा लागत नाही. चित्र काळपट येणार की पांढुरके, हे बटण दाबण्याआधीच दिसते. कमी उजेडात दृश्य उजळून दिसते आणि फोकस नेमका साधण्यासाठी मोठे करून पाहता येते. दृष्टी मंदावलेल्यांना याचा मोठा आधार होतो. दुसरीकडे, काहींना या पडद्याची थरथर किंवा कॅमेरा झटकन फिरवताना चित्राचे मागे राहणे सोसत नाही. चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी दुकानात निदान १० मिनिटे त्यातून पाहून मगच निर्णय घ्यावा. डीएसएलआरमध्ये खरा प्रकाशच दिसतो, त्यामुळे हा त्रास होत नाही.

आणखी एक सावधगिरी. निकॉन झेड ३० किंवा सोनी झेडव्ही-ई १० अशा काही मिररलेस कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडर नसतोच. ते हलके असतात आणि भेट म्हणून आकर्षक वाटतात. पण ज्येष्ठांसाठी ते टाळावेत. तसेच काही कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात असतो. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचे नाक अशा वेळी पडद्यावर दाबले जाते. त्यांना मध्यभागी व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा सोयीचा पडतो.

थरथरणारा हात

हात कापतो म्हणून कॅमेरा सोडावा लागतो असे नाही. पार्किन्सन आजारातील कंप बहुधा हात स्वस्थ असताना अधिक दिसतो आणि काम करताना कमी होतो. दुसऱ्या एका सामान्य प्रकारच्या कंपात, इसेन्शियल ट्रेमरमध्ये, वस्तू धरली की तो वाढतो. कारण कोणतेही असो, उपाय तीन आहेत.

पहिला, कंपनरोधक व्यवस्था. कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ती काही लेन्समध्ये असते. कॅननच्या लेन्सवर ‘आयएस’ आणि निकॉनच्या लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरे पाहावीत. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरच हलवून कंप शोषून घेतला जातो. मग कोणतीही लेन्स लावली तरी लाभ मिळतो. मात्र सगळ्याच मिररलेसमध्ये ही सोय नसते, तेव्हा विचारून घ्यावे. दुसरा उपाय शटरच्या वेगाचा. लेन्स २०० मिलिमीटरवर असेल तर शटर निदान १/२०० सेकंदाचे ठेवावे, असा जुना ठोकताळा आहे. हात कापत असेल तर तो दुप्पट करून १/४०० ठेवावा. तिसरा उपाय आधाराचा. भिंत, कठडा, बाकाची पाठ यांपैकी काहीही चालते. एका पायाचा मोनोपॉड कॅमेऱ्याचा भार पेलतो, पण तो चालण्याची काठी म्हणून वापरू नये. माणसाचा तोल सावरण्यासाठी तो बनवलेला नसतो.

कंपनरोधक व्यवस्था आपल्या हाताची थरथर सावरते. अंगणात पळणाऱ्या नातवाला ती थांबवू शकत नाही. तेथे शटरचा वेगच वाढवावा लागतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी बहुतेक मुलाचा डोळा ओळखून फोकस त्यावर धरून ठेवतात. नातवंडांची चित्रे हा मुख्य उद्देश असेल, तर हा गुण पैसे मोजण्याजोगा आहे.

मान, गुडघे आणि तोल

मागचा पडदा बाहेर वळवता येणे ही चैन नव्हे. कुंडीतले फूल टिपण्यासाठी मांडी घालून बसणे किंवा वरच्या फांदीसाठी मान मागे टाकणे, दोन्ही त्यामुळे टळते. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी ही सोय आवर्जून पाहावी. ती दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांत मिळते. वर उल्लेखलेले दोन्ही लहान कॅमेरे तशा पडद्याचे आहेत.

कंपनीने दिलेला अरुंद पट्टा मानेत अडकवण्याऐवजी रुंद पट्टा जानव्यासारखा तिरपा घ्यावा. भार खांद्यावर आणि पाठीवर वाटला जातो आणि जिना उतरताना कॅमेरा छातीवर हिंदकळत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी पट्टा त्या बाजूच्या खांद्यावर घेऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून एक पाऊलही टाकू नये. चौकटीत सारे बसावे म्हणून मागे सरकताना पडण्याचा धोका असतो, आणि या वयातील पडणे खुब्याच्या हाडावर बेतू शकते. आधी जागा ठरवावी, पाय रोवावेत, मग कॅमेरा वर घ्यावा. बोटीत चढता-उतरताना कॅमेरा पिशवीत बंद असावा आणि दोन्ही हात मोकळे असावेत.

बॅटरी, आवाज आणि बुरशी

बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर सरस आहे. निकॉन डी ३५०० एका चार्जिंगमध्ये प्रमाणित मोजणीनुसार १,५५० चित्रे काढतो. निकॉनच्याच झेड ५० या मिररलेसमध्ये हा आकडा सुमारे ३०० आहे. दर वेळी चार्जिंग लावण्याचे लक्षात राहत नसेल, तर हा फरक मोठा आहे. मिररलेस घेतल्यास दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्यावी.

मिररलेसमध्ये निःशब्द चित्र काढण्याची सोय असते. पक्ष्यांसाठी ती चांगली, पण कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीला चित्र निघाले की नाही तेच कळत नाही आणि ती बटण दाबत राहते. तेव्हा यांत्रिक शटरचा आवाज चालू ठेवावा.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत दोन्ही प्रकारांचा शत्रू एकच आहे, लेन्सच्या आत वाढणारी बुरशी. कातडी पिशवीत, बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सवर पावसाळ्यानंतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात त्या याच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स ठेवावी, पुड्या ओलावल्या की बदलाव्यात आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा उजेडात बाहेर काढावा. वापर हाच उत्तम प्रतिबंध आहे.

जुन्या लेन्सचा विचारही खरेदीआधी करावा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स जोडणीच्या कड्याने नव्या आर मालिकेवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या, स्वतःची मोटार नसलेल्या जुन्या लेन्सना झेड मालिकेच्या एफटीझेड कड्यावर ऑटोफोकस मिळत नाही. त्या हाताने फिरवाव्या लागतात. मंद दृष्टीच्या माणसासाठी ही गोष्ट निर्णायक ठरू शकते.

काळजी घेणाऱ्यांसाठी

भेट गुपचूप आणू नये. ज्यांच्या हाती कॅमेरा जाणार आहे त्यांना दुकानात न्यावे आणि आपण गप्प बसावे. आई-बाबा कॅमेरा हातात घेऊन किंचित हसले की अंगठा चोळू लागले, यातून विक्रेत्याच्या माहितीपेक्षा अधिक कळते.

घरी आणल्यावर भाषा आणि तारीख लावून द्यावी. त्यांच्या नित्य उपयोगाची मांडणी एखाद्या ठरावीक खुणेवर साठवून ठेवावी, म्हणजे चुकून काही फिरले तरी एका वळणात सारे पूर्ववत होईल. पडद्याला स्पर्श होऊन फोकस भलतीकडे जात असेल तर स्पर्शाची सोय बंद करावी. पण सारेच स्वयंचलित करून देऊ नये. शिकण्यासारखे काही उरले पाहिजे. त्यातच या छंदाचा लाभ आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्यांसाठी मात्र एकच लेन्स कायमची बसवलेली, एकच खूण, आणि कॅमेऱ्याची घरातली जागाही एकच ठेवावी.

कार्डातली चित्रे दर महिन्याला उतरवून घ्यावीत आणि त्यांतली दहा-बारा कागदावर छापून आणावीत. २४ मेगापिक्सेलचे चित्र सुमारे २० इंच रुंदीपर्यंत स्वच्छ छापता येते. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही. छापलेले चित्र हातात येते तेव्हा ‘हा कुठला पक्षी, बाबा?’ असे विचारता येते आणि बोलणे सुरू होते.

मग कोणता घ्यावा?

घरातला डीएसएलआर लहान असेल, मान आणि मनगट तक्रार करत नसतील, बोटांना त्याच्या चकत्या पाठ असतील, तर तोच ठेवावा. जड लेन्स काढून हलकी लावावी, पट्टा बदलावा. इतक्याने कपाटातला कॅमेरा पुन्हा बाहेर निघू शकतो आणि खर्चही बेताचा होतो. नजर मंदावली असेल, चष्मा सतत बदलावा लागत असेल, हात कापत असेल किंवा नातवंडांमागे धावता येत नसेल, तर चांगली मूठ, मधला व्ह्यूफाइंडर आणि कंपनरोधक व्यवस्था असलेला मध्यम आकाराचा मिररलेस घ्यावा. मोठ्या डीएसएलआरला पर्याय म्हणून मोठ्याच लेन्सचा मिररलेस घेणे हा मात्र पैशाचा आणि खांद्याचा, दोन्हींचा अपव्यय ठरतो.

आणि दोन्हींत मन अडले, तर एकच कसोटी लावावी. सकाळी फिरायला निघताना चपला घालताघालता जो कॅमेरा सहज उचलावासा वाटेल, तो आपला. पाण्याच्या दोन बाटल्यांची ती चाचणी आजच सुरू करून पाहा. तीन दिवसांत मनगटच आपले उत्तर देईल.